लाल ठिपक्याचा डान्स

सीन असा. हिंजवडीतलं एक ऑफिस, तिसऱ्या मजल्यावरची कॉन्फरन्स रूम, एसी फुल्ल. समोर क्लायंटकडची चार माणसं. माझा मित्र प्रेझेंटेशन देतोय. आकडे तोंडपाठ, इंग्लिश फर्डं, शर्टाला कडक इस्त्री. आणि त्याच्या हातातल्या लेझर पॉइंटरचा लाल ठिपका स्क्रीनवर चक्क गरबा खेळतोय! तिसऱ्या तिमाहीच्या आकड्यावर ठेवायचा, तर तो दुसरी आणि चौथीच्या मध्ये येरझाऱ्या घालतोय. तेवढ्यात चहा आला. त्याने कपबशी उचलली आणि अख्ख्या रूममध्ये आवाज... टिक टिक टिक टिक. अर्धा चहा बशीत, थोडा लॅपटॉपवर.

मीटिंग संपल्यावर मॅनेजरने खांद्यावर हात ठेवून प्रेमाने विचारलं, "एवढं टेन्शन कशाला घेतोस यार?"

गंमत म्हणजे त्याला टेन्शन नव्हतंच. निदान चहा येईपर्यंत तरी नव्हतं.

दोन महिन्यांनी अप्रेझल झालं. बाकी सगळे रकाने झकास आणि शेवटी एक ओळ, ‘कॉन्फिडन्स वाढवण्याची गरज.’ त्या एका ओळीपायी परदेशातल्या प्रोजेक्टसाठी दुसऱ्याचं नाव गेलं. हे त्याला कुणी तोंडावर सांगितलं नाही, पण अशा गोष्टी कॅन्टीनमध्ये कळतातच.

मित्राचं नाव मी सांगणार नाही. "टाकलंस तर बघ," अशी धमकी मिळालीये. पण त्याची गोष्ट सांगायची परवानगी त्यानेच दिलीये, कारण त्याच्या मते हे वाचणाऱ्यांत निदान दोन-चार जण असे असतील, जे पार्टीत हातातला ग्लास मुद्दाम टेबलावरच ठेवतात.

तर, आमच्या या मित्राचा हात थरथरतो. आज नाही, अकरावीपासून. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला त्याचं टायट्रेशन नेमक्या थेंबावर कधी थांबायचंच नाही, सगळं फ्लास्क गुलाबी! आम्ही त्याला ‘व्हायब्रेशन मोड’ म्हणायचो. तोही हसायचा. आता ते आठवलं की मला कसंतरीच होतं.

त्या थरथरीचं नाव कळायला त्याला वयाचं एकोणतिसावं वर्ष उजाडावं लागलं. नाव आहे, इसेन्शियल ट्रेमर.

हे कसलं नाव?

आधी मीही हसले. इसेन्शियल म्हणजे आवश्यक. थरथरण्यात आवश्यक काय आहे, बॉस? पण डॉक्टरी भाषेत या शब्दाचा अर्थ वेगळा. ज्या त्रासामागे दुसरा कुठला आजार सापडत नाही, जो स्वतःच स्वतःचं कारण असतो, त्याला ते इसेन्शियल म्हणतात. पूर्वी याच्यापुढे ‘बिनाइन’, म्हणजे निरुपद्रवी, असंही विशेषण लावायचे. ते आता बहुतेकांनी सोडून दिलंय. याने जीव जात नाही हे खरं, पण सही जाते, नोकरीतली संधी जाते आणि सूप पिण्याची हौस तर पहिल्यांदा जाते!

मी मास कॉम केलंय, मेडिकल नाही. तेव्हा मला जसं समजलं तसं सांगते. आपला हात हलतो तेव्हा लहान मेंदू, थॅलॅमस आणि मोठ्या मेंदूचा हालचालींचा भाग यांच्यात सतत निरोपानिरोपी चालू असते. या मंडळींना ती एका ठेक्यावर करायची सवय लागते. मग सेकंदाला ४ ते १२ वेळा हात त्या ठेक्यावर हलतो. मुख्य म्हणजे हात काम करत असताना हलतो. कप उचलताना, सही करताना, हात पुढे धरल्यावर. मांडीवर निवांत ठेवला की बहुतेक वेळा शांत, आणि झोपेत तर पत्ताच नाही. साधारणपणे दोन्ही हातांना असतो. काहींची मान हलते, काहींचा आवाज कापतो.

किती जणांना? जगभरात साधारण शंभरातल्या एकाला, आणि पासष्टीपुढे प्रमाण बरंच वाढतं. म्हणून हा ‘म्हाताऱ्यांचा आजार’ असा समज झालाय. पण तो कुठल्याही वयात सुरू होतो, अगदी शाळा-कॉलेजातसुद्धा. आणि तरुण पोराचा हात थरथरला की लोकांकडे त्याची तीनच उत्तरं तयार असतात. घाबरट आहे, रात्रीची उतरली नाहीये, नाहीतर वीकनेस आहे, बदाम खायला घाला.

घाबरल्यावर थरथर वाढते, यात खोटं काही नाही. जागरण, उपाशी पोट, जिममध्ये ओढलेलं जास्तीचं वजन, बघणारे डोळे, सगळ्यांनी वाढते. काहींना कॉफी नडते. पण वाढणं वेगळं आणि सुरू होणं वेगळं. इथेच सगळा घोळ होतो. हात हलतो म्हणून लोक बघतात, लोक बघतात म्हणून धडधडतं, धडधडतं म्हणून हात आणखी हलतो. समोरच्याला यातला फक्त शेवट दिसतो, आणि तो म्हणतो, "रिलॅक्स!" माझ्या मित्राला जगातला सगळ्यात जास्त संताप कशाचा येत असेल, तर या एका शब्दाचा.

रात्री दोनचं गूगल

अप्रेझलच्या रात्री त्याने आयुष्यात पहिल्यांदा सिरियसली सर्च केलं. रात्री दोन वाजता अशा गोष्टी सर्च करू नयेत, पण आपण सगळे करतोच. तिसऱ्याच क्लिकला पार्किन्सन्स. आपल्याकडे त्याला कंपवात म्हणतात, आणि मराठी घरात कुणाचाही हात हलला की पहिला शब्द तोच निघतो. सकाळपर्यंत त्याने मनातल्या मनात व्हीलचेअरसुद्धा बुक केली होती. मग घरच्या ग्रुपवरून कुठल्याशा काकांनी खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण सुचवलं. खाजकुइलीत लेव्होडोपा असतं हे खरंय, आणि पार्किन्सन्समध्ये लेव्होडोपा हेच मुख्य औषध. पण इसेन्शियल ट्रेमरमध्ये त्याचा उपयोग होत नाही. म्हणजे काकांचं औषध खरं होतं, फक्त दुसऱ्याच आजाराचं.

दोघांतला फरक डॉक्टरांनी त्याला फार सोप्पा करून सांगितला. पार्किन्सन्सचा हात बसलेला असताना हलतो आणि काम करायला लागला की बरेचदा कमी होतो. याचा बरोब्बर उलट. पार्किन्सन्स बहुधा एका बाजूने सुरू होतो, आणि त्यात हालचाल मंदावते, अंग ताठरतं, चालताना हात झुलत नाही. अक्षर बारीक बारीक होत जातं. इसेन्शियल ट्रेमरमध्ये अक्षर बारीक होत नाही, मोठं आणि नागमोडी होतं. अर्थात, हे वाचून स्वतःचं निदान स्वतःच करू नका. हे सगळं डॉक्टरला काय सांगायचं ते कळावं म्हणून.

हॉलिवूडची कॅथरिन हेपबर्न आठवते? मान आणि आवाज कापणारी ती म्हातारी नटी? जगाने तिला पार्किन्सन्सची पेशंट ठरवलं होतं. तिला होता हाच ट्रेमर. हलत्या मानेने तिने १९८१ मध्ये ‘ऑन गोल्डन पॉन्ड’ केला आणि त्यासाठी चौथं ऑस्कर घेतलं.

दोन पेगचा मॅजिक

आता तो भाग, जो सांगावा की नाही यावर आमचं बरंच भांडण झालं.

ऑफिसच्या एका आउटिंगला त्याच्या लक्षात आलं की एक बियर झाल्यावर हात शांत होतो. शांत म्हणजे अगदी ध्यानस्थ! दुसऱ्याच्या ग्लासात न सांडता ओतता येतं. हा त्याचा भ्रम नव्हता. इसेन्शियल ट्रेमरच्या निदान निम्म्या लोकांना दारूने तात्पुरता आराम पडतो. डॉक्टर हा प्रश्न स्वतःहून विचारतात, कारण उत्तर ‘हो’ आलं तर निदानाला थोडी मदत होते.

पण त्याने त्याचा फंडा केला. टीम डिनर असलं की निघायच्या आधी घरी दोन पेग. मग क्लायंटबरोबर लंच असलं की एक. मग एका शुक्रवारी, सकाळच्या मीटिंगआधी... तो तिथेच थांबला, ग्लास सिंकमध्ये ओतला आणि मला फोन केला. "आज मी सकाळी साडेनऊला बाटली उघडली," एवढंच म्हणाला.

या आरामाची किंमत दुसऱ्या दिवशी वसूल होते. दारू उतरली की थरथर नेहमीपेक्षा जास्त. मग ती घालवायला पुन्हा. लोक ज्याची शंका घेत होते, ती गोष्ट अशी हळूहळू खरी व्हायला लागते. मी त्याला त्याच दिवशी अपॉइंटमेंट घ्यायला लावली. फिजिशियनकडून न्यूरॉलॉजिस्टकडे जायला अजून पंधरा दिवस गेले, ती वेगळी स्टोरी.

चकली काढा

मी सोबत गेले होते. मला वाटलं होतं मोठमोठी मशिन्स असतील. डॉक्टरांनी दिला एक कोरा कागद आणि पेन! "मधून सुरुवात करून चकली काढा. हात कागदाला टेकवू नका." त्याने काढली. ती चकली कमी आणि चुरगळलेली शेव जास्त दिसत होती. मग दोन वाक्यं लिहायला सांगितली. एका ग्लासातलं पाणी दुसऱ्यात ओतायला सांगितलं. दोन्ही हात पंख पसरल्यासारखे पुढे, मग बोटाने स्वतःचं नाक आणि डॉक्टरांचं बोट आळीपाळीने. चालायला लावलं, मनगटं फिरवून ताठरपणा बघितला.

आणि प्रश्न, भरपूर प्रश्न. कधीपासून? घरात कुणाला? कॉफी किती? कुठली औषधं चालू? दम्याचा पंप, फिटची आणि मूडची काही औषधं, थायरॉइड जास्त काम करणं, या सगळ्यांनी हात थरथरू शकतो. रक्ताच्या तपासण्यांत थायरॉइड आलं. शिवाय चाळिशीच्या आत थरथर असेल तर विल्सन्स डिसीजही तपासतात. त्यात शरीरात तांबं साठत जातं, आणि वेळेत कळलं तर त्यावर औषध आहे, म्हणून तो सुटून चालत नाही. मित्राच्या डोळ्यांचीही त्यासाठी तपासणी झाली. सगळं नॉर्मल. इसेन्शियल ट्रेमर असल्याचं सांगणारी कुठलीही रक्ततपासणी नाही, तो असा बाकीची दारं बंद करत करतच ठरतो. २०१८ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी नक्की केलेल्या व्याख्येप्रमाणे दोन्ही हातांची थरथर निदान तीन वर्षांची हवी. आमच्या मित्राची तर बारा-तेरा वर्षांची होती!

एक सांगून ठेवते. थरथर अचानक एका दिवसात सुरू झाली, एकाच बाजूला आहे, हात रिकामा असताना होते, सोबत वजन उतरतंय, किंवा नवं औषध घेतल्यावर आलीये, तर ‘बघू नंतर’ करू नका.

गोळी सगळ्यांसाठी नसते

यातली सगळ्यात जुनी आणि नावाजलेली गोळी प्रोप्रॅनोलॉल. मुळात हृदयाची आणि ब्लडप्रेशरची. ती शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. स्टेजवर जाण्याआधी वादक मंडळी ती घेतात, त्यामुळे तिची भलतीच प्रसिद्धी झालीये. मित्राच्या एका कलीगने त्याला मीटिंगआधी अशीच एक गोळी देऊ केली होती. "घे रे, काही होत नाही. माझ्या वडिलांची आहे." याने नशिबाने ती खिशात टाकली आणि विसरला.

डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "लहानपणी दमा होता का?"

होता. अजूनही पावसाळ्यात पंप लागतो. आणि दम्याच्या माणसाला प्रोप्रॅनोलॉल दिलं तर श्वासनलिका आवळू शकतात, ॲटॅक येऊ शकतो. ती खिशातली गोळी आठवून आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. नाडी मुळातच मंद असलेल्यांनाही ही गोळी चालत नाही, डायबिटीसवाल्यांना जपून देतात, आणि रोज घेणाऱ्याने ती एकदम बंद करायची नसते.

त्याला मिळाली दुसरी, प्रिमिडोन. ही फिट्सची जुनी गोळी. अगदी छोट्या डोसने, रात्री झोपताना सुरू केली. पहिल्या सकाळी साहेब भिंतीला धरून बाथरूमला गेले! ते चार-पाच दिवसांत निवळलं. मैत्रिणींनो, तुमच्यासाठी एक खास सूचना. प्रिमिडोनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो, आणि टोपिरामेट नावाची आणखी एक गोळी या त्रासात देतात ती गरोदरपणात बाळाला अपाय करू शकते. तेव्हा डॉक्टरने विचारलं नाही तरी आपण लाज न बाळगता सांगायचं.

गोळ्यांनी हा प्रकार बरा होत नाही. ज्यांना लागू पडतात त्यांची थरथर कमी होते, बऱ्याच जणांची साधारण निम्मी. काहींना काहीच फरक पडत नाही. जेवण, कपडे, लिहिणं हेच अशक्य होत असेल तर पुढचे उपाय आहेत. मेंदूत बारीक वायर बसवून थॅलॅमसला विजेचे हलके ठोके देणं, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन. फ्रान्समधल्या ग्रेनोबलला १९८७ मध्ये याची आधुनिक सुरुवात झाली, आणि मुंबई-पुण्यातही हे ऑपरेशन होतं. दुसरा उपाय एमआरआयमध्ये झोपवून, कवटी न उघडता, अल्ट्रासाउंडच्या लहरी एका ठिपक्यावर एकवटण्याचा. त्याला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली. आमच्या मित्राला यातलं काहीच नकोय, आणि लागणारही नाही असं डॉक्टर म्हणतात.

ऑफिसमधले जुगाड

गोळीपेक्षा जास्त फरक त्याच्या मते जुगाडांनी पडला. पहिलं म्हणजे लेझर पॉइंटर ड्रॉवरमध्ये गेला, आता स्क्रीनवर माउसचा बाण फिरतो. हातात सुटा कागद धरायचा नाही, पुठ्ठ्याच्या पॅडला लावायचा, कारण एकटा कागद थरथरीची जाहिरात करतो. कपबशीला कायमचा रामराम. दांडीचा मग, तोही अर्धाच भरलेला. मोठ्या मीटिंगला झाकणाचा टंबलर. काहीही नाजूक करताना कोपरं अंगाला चिकटवायची किंवा टेबलावर टेकवायची. लांब पसरलेला हात सगळ्यात जास्त हलतो, हे फिजिक्स आहे. जाड पेन, जरा जड चमचा. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये जाऊन त्याने टचचा वेळ बदलून घेतला, त्यामुळे एकदा दाबलं की दोनदा लागत नाही. लांबलचक मेसेज बोलून टाइप करतो. (त्याचं पुणेरी मराठी फोनला कळतं, माझं कळत नाही!)

सहीचं प्रकरण जरा चिघळलं. एका बँकेने ‘सही जुळत नाही’ म्हणून त्याचा चेक दोनदा परत पाठवला. तिथे जाऊन त्याने आताची, म्हणजे हलती सही नव्याने नोंदवली. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "नीट करा ना." तो म्हणाला, "हीच नीट आहे."

आणि मॅनेजरला त्याने सांगून टाकलं. एका वाक्यात. "सर, मला इसेन्शियल ट्रेमर आहे, हात हलतो, पण त्याचा टेन्शनशी संबंध नाही." मॅनेजर दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला, "माझ्या सासऱ्यांचाही हलतो. आम्हाला वाटायचं..." आणि वाक्य पुरं केलं नाही. ती अप्रेझलची ओळ काही बदलली नाही. फॉर्म लॉक झाला होता म्हणे!

घरचं मात्र सोपं नव्हतं. निम्म्याहून जास्त लोकांच्या घराण्यात हा ट्रेमर आधी कुणाला तरी असतो, आणि अशा घरात मुलांकडे जायची शक्यता पन्नास टक्क्यांपर्यंत असू शकते. सध्या त्याच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. आईचा आग्रह, "आत्ताच कशाला सांगायचं?" त्याने कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात, पोह्यांची डिश हातात घ्यायच्या आधीच सांगितलं. एका घरून नंतर फोनच आला नाही. दुसरीकडची मुलगी म्हणाली, "मला मायग्रेन आहे. त्याचं काय करायचं?" ते दोघं सध्या भेटतायत. मी यापुढे काही बोलणार नाही.

निदान झाल्यावर आईला आठवले तिचे वडील. अण्णा. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेत मास्तर होते. फळ्यावर लिहिताना खडू टकटक वाजायचा. माळकरी माणूस, दारूच्या थेंबाला कधी शिवला नाही, आणि गावात कुजबुज होती की मास्तर संध्याकाळी ‘घेतात’. अण्णांनी कुणाला काही सांगितलं नाही, कारण त्यांनाच माहीत नव्हतं. ते फक्त लग्नाकार्यात जेवायला बसायचं टाळायचे, आणि घरात सगळे म्हणायचे की अण्णा माणूसघाणे आहेत. हे सांगताना आई मध्येच उठून आत गेली.

बाहेर आली ती माळ्यावरून काढलेला एक जुना पितळी पेला घेऊन. हातात घेतला तर चांगलाच वजनदार! अण्णा चहा यातच घ्यायचे. अर्धाच भरायचा, उपरण्याच्या टोकात दोन्ही हातांनी धरायचा, कोपरं मांडीला टेकवायची. कपबशी दिली की चिडायचे.

मित्राने तो हातात घेऊन बराच वेळ बघितला. मग म्हणाला, "आई, मी हा ऑफिसला नेऊ?"

"ने की. पण आतली कल्हई गेलीये बघ. आधी करून घे."

तर आम्ही सध्या पुण्यात कल्हईवाला शोधतोय. कुणाच्या ओळखीत असेल तर कळवा.